राउटर चालू, कार्ड बंद: २८११ चं कॉम्पॅक्टफ्लॅश रविवारच्या आत बदलायचंय (इंदूर)

मुक्ता_इंदूर | गुरुवार, रात्री ९.४०

नमस्कार. काम घाईचं आहे, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

रामबागेत एका ट्रस्टची अभ्यासिका आहे आणि वरच्या मजल्यावर बाहेरगावच्या मुलांचं वसतिगृह. तिथलं नेटवर्क मी संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर सांभाळते. मुलं बहुतेक एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारी, खरगोन, खंडवा, बऱ्हाणपूरकडची. राउटर सिस्को २८११. जुना आहे, पण रोज साठ-सत्तर जण त्याच्यावर असतात आणि आजवर त्याने एकदाही त्रास दिलेला नाही.

आज सामानाच्या यादीसाठी कन्सोल लावला, म्हणजे लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला. शो व्हर्जन या आज्ञेत दिसलं की तो तीन वर्षं अकरा आठवडे सलग चालू आहे. मग शो फ्लॅश दिलं (फ्लॅश म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर ठेवलेलं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड), तर फायलींच्या यादीऐवजी 'नो सच डिव्हाइस'. डिर फ्लॅश दिलं, तेच उत्तर. इकडे नेट चालू, ट्रस्टच्या दोन्ही इमारती जोडलेल्या, मुलं खाली अभ्यास करतायत.

खरी अडचण पुढे आहे. रविवारी सकाळी सात ते अकरा आमच्या भागात वीज बंद राहणार आहे, पावसाळ्याआधी तारांवरच्या फांद्या छाटायच्यात. आमचा यूपीएस चाळीस मिनिटं टिकतो. आणि सोमवारी बऱ्याच मुलांच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे.

वीज आल्यावर हा राउटर उठेल का? कार्ड चालू राउटरमधून काढलं तर चालेल का? आमचं कॉन्फिगरेशन त्या कार्डात असतं का? आणि कार्ड आणायचं कुठून? मी असं काम याआधी केलेलं नाही.

---

देवासकर | गुरुवार, रात्री ९.५८

ताई, सगळ्यात आधी एक करा. राउटरला हात लावू नका आणि रीलोड (म्हणजे रीस्टार्ट) तर अजिबात देऊ नका. चालू आहे तोवर तुमच्या हातात वेळ आहे.

---

कन्सोल_काका | गुरुवार, रात्री १०.२०

मुक्ता, मी सुदामा नगरात राहतो. नोकरीतली बरीच वर्षं असल्याच पेट्यांसमोर गेली. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी हे कसं चालतं ते समजून घे, म्हणजे रविवारची भीती कुठे बाळगायची आणि कुठे नाही ते तुझं तुलाच कळेल.

तुझ्या राउटरच्या आयओएस (सिस्कोचं राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) फाईलच्या नावात कुठेतरी 'एमझेड' असेल. शो व्हर्जनमध्ये 'सिस्टिम इमेज फाइल इज' अशी ओळ येते, तिथे बघ. त्यातला 'एम' म्हणजे ही फाईल रॅममधून चालते, आणि 'झेड' म्हणजे ती दाबून लहान केलेली आहे. राउटर सुरू होताना कार्डावरून फाईल वाचतो, रॅममध्ये उलगडतो आणि त्यानंतर कार्डाकडे जवळजवळ फिरकतही नाही. म्हणून कार्ड मेलं तरी राउटर चालत राहतो. तुझं कार्ड काल मेलं की दोन वर्षांपूर्वी, हे सांगता येणार नाही.

पण वीज गेली की रॅम रिकामी. मग तो कार्ड शोधेल, सापडणार नाही, आणि 'रॉममॉन १' अशा प्रॉम्प्टवर जाऊन बसेल. रॉममॉन म्हणजे आयओएस सापडलं नाही तर राउटर जिथे थांबतो तो प्राथमिक प्रोग्रॅम. रविवारी अकरा वाजता तुला तेच दिसेल.

कॉन्फिगरेशनचं म्हणशील तर ते कार्डात नसतं. स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये असतं, म्हणजे वीज गेली तरी न पुसली जाणाऱ्या वेगळ्या मेमरीत. शो व्हर्जनमध्ये '२३९के बाइट्स ऑफ नॉन-व्होलटाइल कॉन्फिगरेशन मेमरी' अशी ओळ आहे बघ, तीच ती जागा. तरी आज झोपायच्या आधी शो रनिंग-कॉन्फिगचं सगळं आउटपुट लॅपटॉपवर फाईलमध्ये साठव आणि त्याची एक प्रत ईमेलने स्वतःला पाठव.

कार्ड चालू राउटरमधून काढता येतं. खाचेजवळ सीएफ लिहिलेला दिवा आहे. तो पेटलेला असेल तर कार्डाला हात लावायचा नाही. विझलेला असेल तर बाजूचं बटण दाबून काढायचं.

एक विचारतो. त्या राउटरमध्ये चार पोर्टांचं स्विच कार्ड बसवलेलं आहे का?

---

मुक्ता_इंदूर | गुरुवार, रात्री १०.४१

काका, मनापासून आभार. फाईलच्या नावात एमझेड आहेच.

हो, चार पोर्टांचं एचविक (तेच स्विच कार्ड) आहे. एक पोर्ट अभ्यासिकेच्या स्विचला, एक ऑफिसला, एक वसतिगृहाच्या वायफायला, एक कॅमेऱ्यांना. प्रत्येकाचं व्हीलॅन, म्हणजे त्याच यंत्रातलं आभासी नेटवर्क, वेगळं.

---

कन्सोल_काका | गुरुवार, रात्री १०.५५

याचीच शंका होती. मग ऐक, हा मुद्दा भलेभले विसरतात.

व्हीलॅनची नोंद कॉन्फिगमध्ये नसते. ती 'व्हीलॅन डॉट डॅट' नावाच्या फाईलमध्ये असते आणि ती फाईल कार्डावर असते. म्हणजे तुझ्या मेलेल्या कार्डाबरोबर तीही गेली. आत्ता सगळं चालतंय ते रॅममधल्या प्रतीवर. रीलोड झाला की कॉन्फिग जसंच्या तसं परत येईल, पोर्ट 'व्हीलॅन २० मध्ये आहे' असं दाखवेलही, पण व्हीलॅन २० अस्तित्वातच नसेल. पोर्ट बंद.

आत्ताच 'शो व्हीलॅन-स्विच' दे. साधं शो व्हीलॅन नाही, मध्ये डॅश आणि स्विच. जे येईल ते कागदावर उतरव, नंबर आणि नाव दोन्ही. कागदावरच, कारण रविवारी लॅपटॉप कुठल्या नेटवर्कवर असेल सांगता येत नाही.

---

नाशिकचा_सागर | गुरुवार, रात्री ११.०५

आयओएसची फाईल नेटवर सापडेल. दोन-तीन साइटवर २८११ च्या सगळ्या आवृत्त्या टाकलेल्या आहेत. डाउनलोड करा आणि नव्या कार्डावर टाका, अर्ध्या तासाचं काम.

---

बडोदेकर | गुरुवार, रात्री ११.२२

सागरजी, हे कृपया करू नका, आणि मुक्ताताई, तुम्हीही नको.

सप्टेंबर २०१५ मध्ये 'सिनफुल नॉक' नावाचं प्रकरण उघडकीला आलं. राउटरच्या आयओएस फाईलमध्येच बदल करून आत चोरदार ठेवलेलं होतं. सापडलेली मॉडेलं होती १८४१, २८११ आणि ३८२५. पहिल्या खेपेला चार देशांत मिळून चौदा राउटर सापडले, त्यात भारत होता. तो राउटर रोजच्यासारखाच चालत राहतो, रीलोड केला तरी चोर आतच, कारण तो फाईलमध्येच आहे. अनोळखी साइटवरची फाईल घेणं म्हणजे घराचं कुलूप रस्त्यावरच्या माणसाकडून किल्लीसकट घेण्यासारखं आहे. या राउटरमधून मुलांचे आधार नंबर आणि फॉर्म जातात.

ट्रस्टकडे याच मॉडेलचा दुसरा राउटर आहे का? असेल तर त्याच्यावरची फाईल घ्या. तीच आवृत्ती, तोच फीचर सेट (सोयींचा संच) असला पाहिजे, शो व्हर्जन शेजारी ठेवून ताडून बघा.

---

नाशिकचा_सागर | गुरुवार, रात्री ११.३०

हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. बडोदेकर, धन्यवाद. गेल्या वर्षी मी एका ठिकाणी असंच करून ठेवलंय, सोमवारी तिथे जाऊन फाईल तपासतो.

---

मुक्ता_इंदूर | गुरुवार, रात्री ११.४८

दुसरा आहे! लोकमान्य नगरात ट्रस्टचंच मुलींचं वसतिगृह आहे, तिथेही २८११. दोन्ही एकाच वेळी देणगीत आले होते. उद्या ऑफिसमधून थेट तिकडेच जाते.

शो व्हीलॅन-स्विच कागदावर उतरवलं. २०, ३०, ४०, ५०. कागद राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. कॉन्फिग साठवलं, ईमेलही केलं.

राहिलं कार्ड.

---

देवासकर | शुक्रवार, सकाळी ७.१०

कार्डासाठी सिल्व्हर मॉल किंवा शेजारच्या चेतक सेंटरला जुन्या नेटवर्किंगच्या सामानाची चौकशी करता येईल. जेल रोडला हल्ली मोबाईलचंच सामान जास्त, तिथे कॉम्पॅक्टफ्लॅश म्हटलं की मेमरी कार्डच पुढे करतात.

---

कन्सोल_काका | शुक्रवार, सकाळी ७.३५

किती एमबीचं हवं ते आधी. २८११ बरोबर मुळात ६४ एमबी यायचं आणि कंपनीने कमाल मर्यादा २५६ एमबी सांगितली आहे. म्हणजे ६४, १२८ किंवा २५६. आज दुकानात १६ जीबी, ३२ जीबीची वेगवान कार्डं मिळतात, ती नकोत. या पेटीतल्या रॉममॉनला ती ओळखू येतील याची खात्री नाही, आणि तुझ्याकडे प्रयोग करायला वेळ नाही.

कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ सालचं आहे. राउटरसाठी वेगळी चीज नाही, सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत हेच असायचं. ओळखीत कुणी जुने फोटोग्राफर असतील तर त्यांना विचार. त्या लोकांच्या खणात २५६ एमबीची कार्डं पडलेली असतात.

---

मुक्ता_इंदूर | शुक्रवार, सकाळी ७.५०

काका, माझे सख्खे मामा लग्नाचे फोटो काढायचे! राजवाड्याजवळ दुकान होतं, आता मामेभाऊ बघतो. आत्ता फोन लावते.

---

पल्लवी_पुणे | शुक्रवार, सकाळी ९.१५

सगळं वाचलं. एक प्रश्न मनात आला, रागावू नका. २८११ ची मदत कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्येच पूर्ण थांबवली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत. अशा राउटरमध्ये कार्ड बदलत बसण्यापेक्षा नवीन का घेत नाही?

---

मुक्ता_इंदूर | शुक्रवार, दुपारी १.२०

पल्लवी, रागवायचं काय त्यात, बरोबरच विचारलंस. ट्रस्टची खर्चाची बैठक दिवाळीनंतर असते. नवीन राउटरचा प्रस्ताव मी त्यात ठेवणारच आहे. पण वीज परवा जाणार आहे आणि फॉर्म सोमवारी भरायचेत.

इंटरनेटच्या तोंडाशी वेगळा, नवा फायरवॉल आहे. २८११ आतला आहे, तो फक्त व्हीलॅन एकमेकांना जोडतो आणि दोन इमारतींमधली लाइन सांभाळतो. बाहेरून त्याच्यापर्यंत कुणी थेट पोचत नाही.

---

बडोदेकर | शुक्रवार, दुपारी २.०५

ही मांडणी असेल तर दिवाळीपर्यंत चालवायला माझी हरकत नाही. बाहेरच्या तोंडाशी असता तर मी नको म्हटलं असतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो महागात पडला होता. डांडिया बाजारातल्या एका ऑफिसात मी २९११ चं कार्ड बदलत होतो. खाचेतला अंधार, घाई, आणि कार्ड किंचित तिरकं गेलं. कॉम्पॅक्टफ्लॅशमध्ये पिना कार्डात नसतात, राउटरच्या खाचेत असतात, पन्नास, केसासारख्या. कार्डात फक्त भोकं. मी जोर लावला आणि दोन पिना आडव्या झाल्या. कार्ड शंभराचं असो की हजाराचं, पिन वाकली तर पेटीच गेली. मोबाईलचा टॉर्च लावून आधी खाच बघा. कार्डाच्या दोन्ही कडांच्या खोबणी वेगवेगळ्या रुंदीच्या असतात, त्या जुळल्या की कार्ड बोटाच्या हलक्या दाबाने सरकत जातं, शेवटच्या तीन-चार मिलिमीटरला थोडा विरोध होतो. त्याआधीच अडलं तर बाहेर काढून परत बघा.

२९११ ला दोन खाचा असतात, त्यामुळे नवीन कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून निवांत तयारी करता येते. तुमच्याकडे एकच आहे, म्हणून फाईल आधीच लॅपटॉपवर तयार हवी.

---

मुक्ता_इंदूर | शुक्रवार, रात्री ८.५०

लोकमान्य नगरातून लिहितेय, अडकलेय.

इथला राउटर ठणठणीत. शो फ्लॅशमध्ये फाईल दिसते, आवृत्ती तीच, फीचर सेट तोच, नाव अक्षरन् अक्षर तेच. आकार पन्नास एमबीच्या आसपास. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाईल देण्या-घेण्याचा साधा प्रकार) चालू केला, कॉपी फ्लॅश टीएफटीपी दिलं, उद्गारचिन्हं भराभर धावायला लागली आणि मध्येच थांबली. तीनदा केलं. तिन्ही वेळा फाईल ३,३५,५३,९२० बाइटवरच थांबली. केबल बदलली, तोच आकडा.

इथलंही कार्ड खराब होत असेल का? ते मनात आलं आणि हातच थांबला.

---

देवासकर | शुक्रवार, रात्री ८.५८

दरवेळी तोच आकडा येतोय म्हणजे कार्ड नाही ताई. खराब कार्ड असं नेमकं थांबत नाही.

---

कन्सोल_काका | शुक्रवार, रात्री ९.०४

देवासकर बरोबर. हा आकडा बघून मला बरं वाटलं.

६५,५३५ ला ५१२ ने गुण. ३,३५,५३,९२० येतं. टीएफटीपी फाईलचे ५१२ बाइटचे तुकडे करून पाठवतं आणि प्रत्येक तुकड्याला नंबर देतं. त्या नंबरासाठी १६ बिटांची जागा आहे, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे मोजता येत नाही. १९८० च्या आसपास तो नियम लिहिला तेव्हा ३२ एमबीची फाईल कुणाच्या स्वप्नातही नव्हती. नवे सर्व्हर परत शून्यापासून मोजायला लागतात, जुने तिथेच थांबतात. तुझा सर्व्हर जुना आहे.

आज एफटीपी वापर, फाईल पाठवायचाच दुसरा प्रकार, त्याला ही मर्यादा नाही. राउटरवर आयपी एफटीपी युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा, मग कॉपी फ्लॅश एफटीपी. झाल्यावर त्या दोन ओळी काढून टाक. आणि घरी गेल्यावर लॅपटॉपवरचा टीएफटीपी सर्व्हरही नवा बसव, कारण उद्या काही बिनसलं आणि रॉममॉनमध्ये जावं लागलं, तर तिथे एफटीपी चालत नाही.

---

मुक्ता_इंदूर | शुक्रवार, रात्री ९.४६

आली. पूर्ण फाईल आली. राउटरवर व्हेरिफाय एमडी५ (फाईलचा ठसा काढणारी आज्ञा) चालवलं, लॅपटॉपवरही काढलं, ३२ अक्षरं एकेक बोट ठेवून जुळवली. वसतिगृहाच्या वॉर्डन बाईंनी मोठ्याने वाचून दाखवली, मी स्क्रीनवर बघत होते.

---

देवासकर | शुक्रवार, रात्री १०.१०

छान! रॉममॉनचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. तिथे टीएफटीपी पण जमलं नाही तर कन्सोल केबलवरून एक्समोडेमने फाईल चढवता येते. पण कन्सोलचा नेहमीचा वेग ९६००, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. पन्नास एमबीला पंधरा तास. रॉममॉनमध्ये कॉनफ्रेगने वेग १,१५,२०० केला तर सव्वा तास. काम झाल्यावर वेग परत ९६०० करायचा, नाहीतर पुढच्या माणसाला स्क्रीनवर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात आणि तो राउटर बिघडला असं समजतो.

---

मुक्ता_इंदूर | शनिवार, दुपारी १२.३०

मामांकडे जाऊन आले.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सतरा कार्डं निघाली. प्रत्येक छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, डबीवर मामांच्या अक्षरात तारखा. दोन २५६ एमबीची होती. मी एक उचललं तर मामा म्हणाले, "थांब गं, आत काय आहे ते बघू आधी." रीडरमध्ये घातलं. २००५ सालच्या एका लग्नाचे एकशे बारा फोटो तसेच होते. त्या घरच्यांना कधी दिलेच नव्हते, अल्बममध्ये न घेतलेले. मामांनी ते कॉम्प्युटरवर उतरवले, एकेक उघडून बघितले आणि मगच कार्ड माझ्या हातात दिलं. त्या घरी फोन करणार आहेत म्हणाले. दुसरं कार्ड रिकामं होतं, तेही दिलं.

रात्री नऊला अभ्यासिका बंद होते. मुलांना सांगितलंय की नऊ ते अकरा नेट नसेल. काका, काही राहिलंय का?

---

कन्सोल_काका | शनिवार, दुपारी १२.५५

फॉरमॅट लॅपटॉपवर करू नकोस, राउटरमध्येच कर. फॉरमॅट फ्लॅश दिलंस की तो कार्डाच्या सुरुवातीला 'मॉनलिब' नावाचा एक छोटा भाग लिहितो. सुरू होताना कार्ड वाचायला तोच उपयोगी पडतो. 'मॉनलिब राइट कम्प्लीट' अशी ओळ आली की फॉरमॅट नीट झालं.

कॉन्फिगमध्ये 'बूट सिस्टिम फ्लॅश' अशी ओळ असेल तर फाईलचं नाव त्यातल्या नावाशी तंतोतंत जुळू दे. आणि कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटरने कसं सुरू व्हायचं ते ठरवणारा आकडा) ०x२१०२ आहे ना ते शो व्हर्जनच्या शेवटच्या ओळीत बघ. ०x२१४२ असेल तर राउटर उठेल, पण कॉन्फिग न वाचताच.

शेवटचं. कार्ड बसवून फाईल चढवलीस की तिथेच थांबू नको. आज रात्रीच, यूपीएस चालू असताना, स्वतःच्या हाताने रीलोड दे. आज बिघडलं तर पूर्ण रात्र आहे. उद्या अकरा वाजता बिघडलं तर नाही.

मी साडेआठला येतो. कन्सोल केबल माझ्याकडे आहे, पण तुझीही ठेव.

---

मुक्ता_इंदूर | शनिवार, रात्री १२.२०

झालं. झोप येणार नाहीये, म्हणून आत्ताच लिहिते.

काका आले होते, पण त्यांनी कशाला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तूच कर, मी बघतो."

सीएफचा दिवा विझलेला. बटण दाबलं तर कार्ड हललंच नाही. परत दाबलं, मग अर्धा सेंटिमीटर बाहेर आलं. दोन बोटांनी धरून काढलं. भोकांच्या तोंडाशी राखाडी धूळ अशी जमलेली होती की काही भोकं दिसतच नव्हती. टॉर्चच्या उजेडात खाचेतल्या पिना बघितल्या, सगळ्या सरळ. काकांनी छोटा ब्लोअर आणला होता, फोटोग्राफर लेन्ससाठी वापरतात तसला. दोनदा हवा मारली.

मामांचं कार्ड आत गेलं. बडोदेकर, तुम्ही लिहिलं होतं तसंच शेवटी थोडा विरोध झाला आणि बसलं. स्क्रीनवर कार्ड ओळखल्याची ओळ आली. फॉरमॅट, मॉनलिब राइट कम्प्लीट. मग एफटीपीने फाईल. व्हेरिफाय एमडी५ परत, तीच ३२ अक्षरं. बूट सिस्टिमची ओळ होती, नाव जुळत होतं. रजिस्टर २१०२.

मग रीलोड. कन्फर्मवर एंटर मारायच्या आधी मी काकांकडे बघितलं. ते फक्त मान हलवून हो म्हणाले.

'प्रोग्रॅम लोड कम्प्लीट' आलं. मग 'सेल्फ डीकम्प्रेसिंग द इमेज' आणि हॅशच्या ओळी, एकामागून एक, पूर्ण स्क्रीनभर. शेवटी 'ओके'. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच उठत होता.

कॉन्फिग सगळं जागेवर. आणि अभ्यासिकेत नेट नाही. शो आयपी इंटरफेस ब्रीफमध्ये व्हीलॅन २०, ३०, ४०, ५० चारही डाउन. तीन दिवसांपूर्वी हे दिसलं असतं तर मी कार्डाला, केबलला, सगळ्यांना दोष दिला असता. कपाटाचं दार उघडलं, कागद समोर. व्हीलॅन डेटाबेस, मग एकेक नंबर आणि नाव, शेवटी एक्झिट. पोर्टांचे दिवे एकेक करून हिरवे झाले. डिर फ्लॅशमध्ये आता दोन फायली: आयओएसची आणि नवी व्हीलॅन डॉट डॅट. काकांनी तिथेच मला परत रीलोड द्यायला लावलं. या वेळी कागद उघडावा लागला नाही.

---

पल्लवी_पुणे | शनिवार, रात्री १२.३१

वाचताना मीच श्वास रोखून धरला होता. उत्तम!

---

बडोदेकर | रविवार, सकाळी ८.००

दुसरा रीलोड द्यायला लावला, हे फार महत्त्वाचं. पहिल्यात कार्ड तपासलं गेलं, दुसऱ्यात व्हीलॅनची फाईल.

जुन्या कार्डाचं काय केलंत? रीडरमध्ये वाचलं जातं का?

---

मुक्ता_इंदूर | रविवार, दुपारी १२.१५

वीज सातला गेली, सात बेचाळीसला यूपीएस संपला, अकरा वीसला वीज आली. मी तिथेच बसले होते, कन्सोल लावून. कशालाही हात न लावता सगळं आपोआप वर आलं. अकरा तीसला पहिला मुलगा फॉर्म घेऊन खाली आला.

बडोदेकर, जुनं कार्ड दोन रीडरमध्ये घालून बघितलं. एकात दिसतच नाही, दुसऱ्यात दिसतं पण आकार शून्य दाखवतो. धूळ साफ केल्यावरही तेच. त्यावर 'बाद' लिहून ठेवलंय, चुकून कुणी वापरू नये म्हणून.

---

नाशिकचा_सागर | सोमवार, रात्री ८.१०

आज त्या ठिकाणी जाऊन फाईल तपासली. आवृत्तीचं नाव बरोबर होतं, एमडी५ कंपनीच्या यादीशी जुळला नाही. राउटर लगेच नेटवर्कमधून वेगळा काढला. त्यांच्याकडे मूळ खोक्यातलं ६४ एमबीचं कार्ड निघालं, त्यावर जुनी पण मूळ फाईल आहे. तीच चढवली आणि सगळे पासवर्ड बदलले. बडोदेकर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी गेलोच नसतो.

---

कन्सोल_काका | सोमवार, रात्री ९.२५

सागर, पासवर्ड बदललेस ते योग्य. एसएसएचच्या (दुरून सुरक्षित लॉगिनच्या) किल्ल्याही नव्या बनव, जुन्या किल्ल्या एनव्हीरॅममध्ये तशाच राहतात. आणि ती न जुळलेली फाईल पुसू नकोस, कार्डासकट वेगळी ठेव.

मुक्ता, लोकमान्य नगरचा राउटरही त्याच वयाचा आहे आणि त्यालाही तेच स्विच कार्ड असणार. मामांचं दुसरं कार्ड तुझ्याकडे आहेच. बुधवारी संध्याकाळी मी मोकळा आहे. त्याचं शो व्हीलॅन-स्विच उद्याच उतरवून ठेव.

---

मुक्ता_इंदूर | सोमवार, रात्री ९.४०

उतरवलंय काका, आजच. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. बुधवारी साडेसहाला भेटू.